रात्रीचा अलार्म

चि. निनाद यास अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तू घामाने डबडबला होतास आणि तुला स्वतःचे नावही धड सांगता येत नव्हते, हे तुझ्या खोलीतल्या मित्राकडून कळले. रक्तातली साखर सतत मोजणाऱ्या सेन्सरचा अलार्म तू बंद करून ठेवला होतास, हेही त्यानेच सांगितले. रागवायला हे पत्र लिहीत नाही.

‘साखर उतरली की मला कळतेच,’ असे तू नेहमी म्हणतोस. ते कळणे कशावर उभे आहे ते पाहा. साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली जाऊ लागली की अ‍ॅड्रेनॅलिन स्रवते. रक्तातून निरोप नेणारे हे संप्रेरक साखर साठवणाऱ्या यकृताच्या पेशीत शिरत नाही. पेशीच्या आवरणावरील ग्राहीला, म्हणजे निरोप टिपणाऱ्या प्रथिनाला, बाहेरूनच चिकटते, तेवढ्याने आतले जी-प्रथिन चेतवले जाते आणि सायक्लिक एएमपीचे रेणू तयार होऊ लागतात. निरोप आत पोचवणारा हा रेणू अर्ल सदरलँड यांनी शोधला; संप्रेरकांच्या कार्यावरील संशोधनासाठी त्यांना १९७१ चे नोबेल मिळाले. पुढे एक विकर, म्हणजे पेशीतल्या क्रिया घडवणारे प्रथिन, दुसऱ्याला चेतवते, पायरीगणिक संकेत वाढत जातो आणि अखेर साठवलेल्या ग्लायकोजेनमधून साखर रक्तात येते. तुझी धडधड आणि हातांचा कंप याच अ‍ॅड्रेनॅलिनचे.

तुला असलेल्या टाइप १ मधुमेहात साखर उतरल्यावर ती वाढवणारे ग्लुकागॉन हे संप्रेरक स्रवणे काही वर्षांत मंदावते, म्हणून सारी मदार अ‍ॅड्रेनॅलिनवर येते. आणि साखर वारंवार उतरत राहिली की तेही उशिरा व कमी स्रवते. झोपेत तर आणखीच कमी. मग धडधड होत नाही आणि जागही येत नाही. म्हणून तो अलार्म, निनाद.

पहिले इंजेक्शन स्वतः घेताना तू सुई धरून कितीतरी वेळ पोटाकडे पाहत बसला होतास, आणि आक्का बघते आहे हे लक्षात येताच ओठ घट्ट मिटून एका दमात टोचलीस. तेव्हा बाबा बाहेर निघून गेले होते. मला तुझा फार अभिमान वाटला होता, आजही वाटतो.

पुन्हा शिकवायलाच बसले, क्षमा कर. पण साखर उतरणे काही आठवडे कसोशीने टाळले, तर ही जाणीव बहुधा परत येते, हे तुझ्या डॉक्टरांना जरूर विचार. रात्रीचा इन्सुलिनचा डोस मात्र स्वतःच्या मनाने बदलू नकोस. मित्राची झोपमोड होते म्हणून अलार्म बंद केला असशील, तर त्याच्याशी मी बोलते. आज रात्री तो सुरू कर आणि सेन्सरचा आलेख बाबांच्या मोबाइलवर दिसेल अशी सोय कर.

तुझी,
आई