तक्रार पत्र: ‘बिनसाखरेचं सरबतही गोठवतं’ म्हणून विकलेलं स्लश मशीन

शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर
दि. १२ मे २०२६

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय: घरगुती स्लश मशीनची वॉरंटी नाकारल्याबाबत, आणि तुमच्या खोक्यावरच्या मजकुराबाबत

महोदय / महोदया,

४ एप्रिलला तुमच्या संकेतस्थळावरून २३,४९० रुपये भरून मी घरगुती स्लश मशीन, म्हणजे सरबत फिरवत-गोठवत भुसभुशीत बर्फाळ करणारं यंत्र, मागवलं. ९ तारखेला ते आलं आणि १८ तारखेला बंद पडलं. ५ मेच्या ईमेलमध्ये तुम्ही ‘ग्राहकाकडून चुकीचा वापर’ असं कारण देऊन वॉरंटी नाकारलीत. त्या ईमेलला हे उत्तर. जरा लांबेल, कारण फोनवर तुमच्या माणसांनी माझं एकही वाक्य पुरतं ऐकून घेतलेलं नाही.

मशीन घेतलं ते आमच्या आबांसाठी. वय ८१. करवीर तालुक्यात आयुष्यभर ऊस केला, आणि आता मधुमेहामुळे उसाचा रससुद्धा वर्ज्य. पूर्वी रंकाळ्यावर फिरायला गेलं की काला-खट्टा गोळा घेतल्याशिवाय घरी यायचे नाहीत. गेली सहा वर्षं गाडीसमोरून मान दुसरीकडे वळवून जातात. तुमच्या खोक्यावर लिंबाच्या फोडीसकट एक ग्लास छापलाय आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलंय: ‘कोणतंही पेय. शुगर-फ्रीसुद्धा.’ त्या एका ओळीवर मी पैसे मोजले. नाहीतर आमच्या घरात मिक्सर आहे, फ्रीजमध्ये बर्फ आहे, पाट्यावर फडक्यात बर्फ गुंडाळून बत्त्यानं फोडणारे हातही आहेत.

वापर चुकला म्हणता, तर कसा वापरला तेही सांगतो. मशीन खोक्यातून आडवं आलं होतं. आडव्या प्रवासात कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांमध्ये उतरतं, म्हणून रात्रभर ते सरळ उभं ठेवलं आणि दुसऱ्या दिवशीच प्लग लावला. तुमच्या पुस्तिकेत दोन तास लिहिलेत, मी चौदा ठेवले. मागं वारा खेळायला वीतभर जागा सोडली. स्टॅबिलायझर लावला, कारण उन्हाळ्यात आमच्याकडं व्होल्टेज कसं नाचतं ते इथं राहणाऱ्यालाच माहीत.

पहिल्या दिवशी रसवंतीतून बिनबर्फाचा दोन लिटर रस आणला, गाळून ओतला. अर्ध्या-पाऊण तासात असा दाट झाला की चमचा उभा राहिला. नात उड्या मारायला लागली. दोन दिवसांनी साखरेचं कोकम सरबत केलं, तेही झकास. खोटं कशाला बोलू, त्या आठवड्यात गल्लीतल्या निम्म्या पोरांनी आमच्या ओट्यावर मुक्काम ठोकला होता.

१८ तारखेला आबांची पाळी. लिंबू, चिमूटभर मीठ, थोडं जिरं आणि गोडीला डॉक्टरांनी चालतील म्हणून सांगितलेल्या गोळ्या. वीस मिनिटं पाणी नुसतं फिरत राहिलं. मग कर्र-कर्र आवाज सुरू झाला, आणि मी बटणापर्यंत पोचायच्या आधीच आत काहीतरी ‘खट्’ झालं. सरबत फिरवणारी फिरकी थांबली. आतल्या थंड नळकांड्याभोवती बोटभर जाडीचा काचेसारखा बर्फ धरला होता. आबा शेजारी वाटी-चमचा घेऊन बसले होते.

हे का झालं, ते मला तुमच्या तंत्रज्ञाकडून कळायला २७ एप्रिल उजाडला. उसाच्या रसात शंभर भागांना पंधरा-वीस भाग साखर असते. असं पाणी शून्य अंशावर गोठत नाही, त्याच्या जरा खाली गोठायला लागतं. त्यातून बर्फाचे कण सुटे झाले की उरलेल्या पाण्यात साखर आणखी दाटते, ते आणखी खाली गेल्याशिवाय गोठत नाही, आणि म्हणून सगळा माल मऊ, भुसभुशीत राहतो. फिरकी नळकांड्यावरचा पातळ थर खरवडत राहते. साध्या पाण्याला हा उतार नाही. ते शून्याला आलं की नळकांड्याला चिकटून दगड होतं, आणि फिरकी त्यात अडकते. गोडीच्या गोळ्यांचा इथं काडीचा उपयोग नाही. गोठणबिंदू खाली आणायला पाण्यात विरघळलेले कण पुष्कळ लागतात, जिभेला लागणाऱ्या गोडीशी त्याचा संबंध नाही, आणि गोळीतला गोड पदार्थ मिलिग्रॅममध्ये असतो. हे सगळं तुमच्या तंत्रज्ञानं मला माझ्याच ओट्यावर बसून पाच मिनिटांत समजावलं. चांगला पोरगा आहे, त्याच्यावर माझा राग नाही. माझा प्रश्न एवढाच: त्याला माहीत होतं, तर तुमच्या खोक्याला का माहीत नव्हतं?

आता तुमचा ईमेल म्हणतो, ‘पेयात किमान ४ टक्के साखर असणे आवश्यक.’ म्हणजे लिटरला ४० ग्रॅम. ही अट खोक्यावर नाही. पुस्तिकेच्या २८ पानांत नाही. मी आणि माझ्या मुलीनं दोनदा ओळ न् ओळ वाचली. पुस्तिकेत ‘बाटली उलटी धरू नका’ आहे, ‘मशीनवर उभे राहू नका’ आहे. अट मला पहिल्यांदा दिसली ती वॉरंटी नाकारताना. जी अट विकताना लपवायची आणि भांडताना काढायची, तिला आमच्याकडं अट म्हणत नाहीत.

थोडं माझ्या धंद्याबद्दल. माझी उद्यमनगरात छोटी शेड आहे, दोन लेथ आणि एक मिलिंग मशीन. ऑइल इंजिनच्या सुट्या भागांपासून साखर कारखान्याच्या दुरुस्तीपर्यंत कामं केली आहेत. तरी वॉरंटी जाऊ नये म्हणून तुमच्या मशीनचा एक स्क्रू मी फिरवला नाही. नऊ दिवस हाताची घडी घालून बसलो. घरचे म्हणायचे, सुताराच्या घरातली खुर्ची मोडकी ती अशी. तंत्रज्ञानं माझ्यासमोर खोललं तेव्हा दिसलं की फिरकी चालवणारा गिअर प्लॅस्टिकचा आहे आणि त्याचे सात दात साफ उडालेत. बर्फ धरून जाम होऊ शकणाऱ्या यंत्रात जाम झाल्यावर मोटार थांबवायची सोयच नाही. ताण वाढला की वीज तोडणारी ओव्हरलोड ट्रिप नाही, तुटून बाकीचं वाचवणारी शिअर पिन नाही. उसाच्या चरकाच्या मालकालाही हे कळतं. म्हणजे ग्राहकानं साखर घातली नाही हे क्षणभर चूक मानलं, तरी त्या चुकीची किंमत पूर्ण मशीन हे तुमच्या आरेखनाचं पाप आहे.

सगळ्यात गंभीर गोष्ट मात्र पुढं आहे. २९ एप्रिलला दुपारी तुमच्या ग्राहक सेवेच्या क्रमांकावर मी विचारलं की साखरेशिवाय स्लश होणारच नाही का. पलीकडच्या ताईंनी सांगितलं, ‘थोडं ग्लिसरीन घाला, साहेब, मस्त होतं.’ मी खरंच मेडिकलमध्ये गेलो. दुकानदारानं विचारलं, ‘टाचेच्या भेगांना का?’ सरबताला म्हटल्यावर त्यानं बाटली परत फळीवर ठेवली. रात्री मुलीनं मोबाईलवर शोधून दाखवलं: परदेशात बिनसाखरेच्या स्लशमध्ये ग्लिसरॉल, म्हणजे हेच ग्लिसरीन, घालतात हे खरं, पण ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेनं २०२५ मध्ये स्पष्ट सांगितलंय की सात वर्षांखालच्या मुलांना तो स्लश देऊ नये. लहान अंगात तो भराभर गेला तर रक्तातली साखर घसरून मूल बेशुद्धही पडू शकतं. आमच्या घरात पाच वर्षांची नात आहे. ताईंनी घरात लहान मूल आहे का हे विचारलं नाही, किती घालायचं हेही सांगितलं नाही. आणि ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते मधुमेहाचे रुग्ण आहेत हे मी त्याच फोनवर आधी दोनदा सांगितलं होतं. फोनची वेळ सोबत दिली आहे. ‘गुणवत्तेसाठी संभाषण ध्वनिमुद्रित होईल’ असं तुमचंच यंत्र सांगतं, तेव्हा ध्वनिमुद्रण तुमच्याकडं असणारच. ऐका.

माझ्या मागण्या अशा. पूर्ण २३,४९० रुपये परत द्या आणि मशीन तुमच्या खर्चानं उचलून न्या. दुरुस्ती नको, नवा प्लॅस्टिकचा गिअर बसवून दिलात तरी मला ज्या कामाला ते हवं होतं, ते काम ते करूच शकत नाही. खोक्यावरची ‘शुगर-फ्रीसुद्धा’ ही ओळ काढा आणि लिटरला ४० ग्रॅमची अट तितक्याच मोठ्या अक्षरात, मराठीतही, छापा. ग्लिसरीनचा सल्ला देणं आजपासून बंद करा.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवस वाट पाहीन. त्यानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडं जाईन. तुमचं कार्यालय कुठंही असो, ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि एवढ्या रकमेला शुल्कही लागत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीचा मुद्दा त्यात वेगळा असेल. खोकं मी जपून ठेवलंय.

कळावे,
तुमचा ग्राहक

सोबत: पावतीची प्रत, खोक्याच्या दोन बाजूंचे फोटो, तुटलेल्या गिअरचा फोटो, तंत्रज्ञाचा अहवाल, ५ मेचा ईमेल, फोनच्या वेळांची नोंद.

ता. क. मशीन न्यायला माणूस पाठवाल तेव्हा सोमवार सोडून पाठवा, त्या दिवशी शेड बंद असते. आणि त्या पोराच्या हाती गिअरचे दात किती, माप किती ते लिहून द्या. आबांनी हट्ट धरलाय की पितळेचा एक करून बघ म्हणून. तुमच्यासाठी नव्हे, नातीच्या कोकम सरबतासाठी. शेजारच्यांनी असलंच मशीन घेतलंय.