एसटी स्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्या दादांना

दादा, तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हीच म्हणालात काकू नाव नको. वयाने माझ्या मुलाएवढे आहात तरी मी दादाच म्हणते, राहू दे.

मी तालुक्याच्या वाचनालयात बावीस वर्षं देवघेव सांभाळते. आमच्याकडे दिवाळी अंकांची योजना असते आणि नोव्हेंबर लागला की सभासदांचे फोन सुरू, अमक्या अंकात कोणाची कथा आहे, तमका अंक आला का, म्हणून डोक्यात आलं की एक साधं वेबपेज करावं, वर सगळ्या अंकांची नावं आणि नाव दाबलं की त्या अंकाची अनुक्रमणिका उघडली पाहिजे. बास. ॲप नको, फोटो नकोत, नुसती लिंक पाहिजे होती मला.

त्यासाठी साडेचार हजार भरून एका क्लासला गेले (नाव कशाला घेऊ, पाटी बघितली तरी पोटात ढवळतं). सरांनी वर्डमध्ये नोट्स दिल्या, म्हणाले यातून कॉपी करा, नोटपॅडमध्ये पेस्ट करा, फाईलचं नाव बदला, लिंक चालणार. नाही चालली. दाबलं की फाईल सापडत नाही. मी विचारलं सर लिंकच्या ओळीत ते एचरेफ लिहितात ते म्हणजे काय हो, तर म्हणाले ते पाठ करायचं असतं मॅडम. पुन्हा विचारलं तर माझ्या हातातून माऊस घेतला, स्वतः टकटक टाईप केलं, "हे बघा, चालतंय की." चाललं खरं, पण मी घरी जाऊन नोट्समधून उचललं की येरे माझ्या मागल्या. भाचा म्हणाला, मावशी रेडिमेड मिळतं सगळं, कशाला कुटाणा करतेस. मला खरंच वाटायला लागलं होतं की आपलं वय झालं, आता हे डोक्यात शिरायचं नाही.

तुमच्याकडे मी त्या नोट्सची नुसती प्रिंट काढायला आले होते, कागदावर तरी नीट दिसेल म्हणून. तुम्ही प्रिंट काढता काढता थांबलात, म्हणालात काकू बसा जरा. मागे आधारकार्डाच्या झेरॉक्सला चारपाच माणसं उभी. तुम्ही माझ्या ओळीच्या वर तीच ओळ स्वतः टाईप केलीत, अक्षर एवढं मोठं केलंत की चष्म्याशिवाय दिसावं, आणि म्हणालात, वरची चालते, खालची नाही, फरक शोधा.

आणि मग तुम्ही दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलात.

दादा, मी हे पत्र त्या हातांसाठी लिहितेय. तुमचे हात शिवशिवत होते, मला दिसत होतं, एका सेकंदात तुम्ही करून दाखवलं असतं आणि गिऱ्हाईकंही सुटली असती. पण तुम्ही शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखे हातांवर बसून राहिलात आणि रांगेतल्या एकाने "ओ, किती वेळ" केलं तर त्याला म्हणालात, थांब ना, काकूंचं चाललंय. मला तीनचार मिनिटं तरी लागली असतील. मग दिसलं. वरची अवतरण चिन्हं सरळ होती, खालची वाकडी, शोभेची. वर्ड आपलं आपणच ती वळवून देतं आणि ब्राउझरला वाटतं ते चिन्ह फाईलच्या नावातलंच आहे, मग तशा नावाची फाईल तो कुठून शोधणार बिचारा! सगळ्या बॅचची लिंक ह्या दोन टिंबांनी अडवून ठेवली होती आणि सरांना त्याचा पत्ताच नव्हता.

एचरेफचा अर्थही तुम्हीच सांगितलात, हायपरटेक्स्ट रेफरन्स. रेफरन्स! अहो आमचा तर तो धंदाच आहे, पुस्तकात लिहिलेलं असतं अमकं पान पाहा, तेच हे, फक्त इथे पान आपणहून समोर येतं. एवढं त्या साडेचार हजारात बसत नव्हतं का? टिम बर्नर्स ली नावाच्या माणसाने सर्न नावाच्या युरोपातल्या संशोधन संस्थेत हे वेब काढलं आणि 1993 साली सर्नने ते सगळ्यांना फुकट वापरायला खुलं करून टाकलं, आणि आमच्याकडे त्याची एक ओळ लपवून ठेवायची फी घेतात.

नंतर मी किती वेळा आले. एकदा लिंक जिथे संपते तिथली खूण, शेवटचा ए, बंद करायला विसरले तर खालचं अख्खं पान निळं, अधोरेखित, आपण दोघं हसलो. एकदा घरी चाललं आणि सर्व्हरवर चढवल्यावर नाही, तर फाईलच्या नावात एक अक्षर कॅपिटल, घरच्या कॉम्प्युटरला चालतं, सर्व्हरला ते वेगळंच नाव वाटतं. आणि मी सगळीकडे "इथे क्लिक करा" लिहिलं होतं तेव्हा तुम्ही हळूच विचारलंत, वाचनालयात कोणी न दिसणारे सभासद आहेत का. आहेत ना, एक निवृत्त गुरुजी. मग त्यांचा फोन एकेक लिंक वाचून दाखवेल तेव्हा नुसतं इथे क्लिक करा, इथे क्लिक करा ऐकून त्यांना काय कळणार काकू, अंकाचं नावच निळं करा. हे तुम्हाला कोणी शिकवलं मला माहीत नाही. घरचं वळण असावं. दहा रुपये प्रिंटचे घेतलेत, बाकी एक पैसा नाही, चिवडा आणला तोही रांगेत वाटून टाकलात.

तर दादा, यादी चढवली आहे, शेहेचाळीस लिंका, सगळ्या मी स्वतः दाबून बघितल्या. एकोणतिसावी तेवढी कुठेच जात नाही, पण त्यात माझी चूक नाही हो, तो अंक नेलेल्या सभासदाने अजून परत आणून दिलेला नाही.