नर्सरीची सहल: आपले मूल कोणाच्या गटात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नर्सरीच्या मुलांना बागेत नेण्याआधी पालकांना जे सूचनापत्र येते त्यात वेळ, डबा, टोपी आणि ‘सोबत शिक्षक असतील’ एवढे असते. त्यात आणखी दोन ओळी छापाव्यात, अशी शाळांना विनंती आहे: मूल कोणाच्या गटात आहे आणि त्या व्यक्तीचा त्या दिवशीचा फोन नंबर. पालकांनी त्या वाचूनच सही करावी.

20 मुले आणि 5 मोठी माणसे हे प्रमाण कागदावर चांगले दिसते. पण पाचही जण सगळ्याच मुलांकडे बघणार असतील, तर प्रत्येकाला वाटते दुसऱ्याचे लक्ष आहे. 3-4 वर्षांच्या 4 मुलांमागे एक मोठे माणूस, आदल्या दिवशी लिहून दिलेली नावे आणि गटाच्या मनगटांवर एकाच रंगाची फीत, एवढे हवेच. बसचालक आणि फोटो काढणारी व्यक्ती या हिशेबात धरू नये. शिवाय एक जण गटाविना मोकळा हवा, कारण कोणाला तरी मध्येच शू लागणार.

गफलत होते ती नेमकी तेव्हाच. ताई एकाला घेऊन जातात आणि उरलेली तिघे कोणीतरी बघेल या भरवशावर राहतात. म्हणून मुले नावे घेऊन, तोंडाने सांगून सोपवावीत आणि समोरून ‘तिघे माझ्याकडे’ असे ऐकल्याशिवाय जागचे हलू नये. मोजणी मुले बसलेली किंवा दोरीच्या कड्या धरून उभी असतानाच, प्रत्येकाच्या डोक्याला हात लावून करावी. पळती मुले मोजली की एखादे दोनदा मोजले जाते आणि एक कमी असूनही आकडा जुळतो. वर्गातून निघताना, बसमध्ये, उतरल्यावर, फाटकाच्या आत, खेळताना दर 15 मिनिटांनी आणि परतीच्या प्रत्येक टप्प्यावर मोजावे. शेवटी एकाने रिकाम्या बसमध्ये मागच्या बाकापर्यंत जाऊन बाकांखालीही पाहावे. झोपलेले मूल घसरून खाली जाते, आणि उन्हातली बंद बस बघता बघता जीवघेणी तापते.

गळ्यात ओळखपत्र अडकवणे बंद करा. त्याची दोरी घसरगुंडीच्या कठड्यात अडकली की फास बसतो. ते पाठीवर कपड्याला लावावे आणि त्यावर शाळेचा फोन नंबर असावा, मुलाचे नाव नको. नावाने हाक मारणारा माणूस या वयाला ओळखीचाच वाटतो.

बाग आधी पाहून यावी, तीही सहलीच्याच वेळेला. सकाळी 7 वाजता गार असलेली घसरगुंडी 11 वाजता चटका देते; प्लॅस्टिकची आणि खालची रबरी फरशीसुद्धा. हाताची मागची बाजू 5 सेकंद टेकवून पाहावी. टेकवत नसेल तर तिथे मूल बसवू नये. फाटके किती, स्वच्छतागृह किती लांब, कारंज्याच्या हौदाला कठडा आहे का, हे बघून ठेवावे. काही सेंटिमीटर पाण्यातही लहान मूल बुडते, आणि बहुतेक वेळा आवाजही न करता. कठड्याच्या गजांमधली फट पट्टीने मोजावी. साधारण 9 ते 23 सेंटिमीटरच्या फटीतून अंग जाते आणि डोके अडकते. कण्हेर असेल तर पाने-फुले वेचायला दुसरीकडे न्यावे; तिचा प्रत्येक भाग विषारी आहे.

मुलाला मांडीवर घेऊन घसरगुंडीवरून येणे मोठी माणसे मायेपोटी करतात, पण त्याने मुलाचे हाड मोडू शकते. मुलाच्या बुटाचा तळ कडेला घासून अडकतो, मोठ्या माणसाचे वजन खाली ओढत राहते आणि नडगी पिळवटते. एकट्या मुलाचा पाय अडकला तर ते बहुधा तिथेच थांबते. घाबरणाऱ्या मुलाला लहान घसरगुंडी दाखवावी, नको म्हणाले तर आग्रह करू नये.

डब्यात अख्खी द्राक्षे आणि शेंगदाणे नकोत; द्राक्षे उभी चिरून 4 तुकडे करावेत. बागेत दीड तास पुरतो. निघण्याआधी 10 आणि मग 5 मिनिटे राहिली असे सांगितले, आणि शेवटी पडलेली पाने पिशवीत भरण्याचे काम दिले, की रडारड बरीच कमी होते.

मूल दिसेनासे झाले तर कोणी काय करायचे, हे निघण्यापूर्वीच ठरलेले असावे. मोकळी व्यक्ती फाटकावर उभी राहील, दुसरी आधी पाण्याकडे आणि मग स्वच्छतागृहाकडे जाईल, तिच्या गटासह बाकीची मुले उरलेल्यांजवळ एका जागी बसतील. सगळ्यांनी शोधायला धावू नये. तेवढ्यात दुसरे मूल निसटते. 5 मिनिटांत सापडले नाही तर पोलिसांना आणि पालकांना फोन करावा. शाळेची बदनामी होईल म्हणून थांबू नये.

आपल्या,
नर्सरी वर्गांच्या काही शिक्षिका