वकील मॅडम, तुम्ही धरलेल्या त्या पट्टीबद्दल

आदरणीय वकील मॅडम,
स. न. वि. वि.

गांजाच्या केसमध्ये अडकलेला माझा धाकटा भाऊ मंगळवारी घरी आला. जामीन झाला त्या दिवशी कोर्टाच्या आवारातच तुमचे आभार मानायचे होते, पण तोंडातून शब्द फुटेना. म्हणून हे पत्र.

तुमच्याआधी आम्ही खासगी वकील लावला होता. आईचं गंठण मोडून आणलेले ४० हजार त्यांनी घेतले आणि पहिल्याच भेटीत सांगितलं, "एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा आहे, जामिनाचं विसरा." दोषारोपपत्राची नक्कल मागितली, तर म्हणाले, "तुम्हाला त्यातलं काय कळणार?" ती नक्कल फुकट मिळणं हा आरोपीचा हक्कच असतो, हे तुमच्याकडून कळलं. आप्पांनी ३१ वर्षं एसटीत वाहकाची नोकरी केली, पैशापैशाचा हिशेब चोख ठेवला. त्या एका वाक्यानंतर त्यांनी कोर्टात बोलणंच सोडलं.

कोठडीतल्या माणसाला, त्याची कमाई न बघता, मोफत वकील मिळतो. १९८७ चा कायदा आहे तसा. आम्हाला मात्र हे सांगितलं तुरुंगाच्या भेटीच्या रांगेतल्या एका अनोळखी बाईनं. तिचेही उपकार आहेत. फुकटचा वकील काय करणार, असं मनात धरूनच मी विधी सेवा प्राधिकरणात आले होते. त्याची माफी मागते.

तुम्ही पंचनाम्याची झेरॉक्स टेबलावर ठेवलीत. ड्रॉवरमधून प्लास्टिकची पट्टी काढून पहिल्या ओळीखाली धरलीत आणि आप्पांना म्हणालात, "काका, तुम्ही वाचा. अडेल तिथे मी सांगते." आप्पांनी चष्मा लावला. एक ओळ झाली की तुम्ही पट्टी खाली सरकवायचात. बाहेर माणसं खोळंबली होती, फोन सारखा थरथरत होता, पण तुम्ही पट्टी सोडली नाहीत. तिसऱ्या पानावर आप्पाच थांबले. "गोणीसह वजन १ किलो १५० ग्रॅम." चष्म्यावरून तुमच्याकडे बघत त्यांनी विचारलं, "मॅडम, गोणीपण मोजली?" आयुष्यभर लगेज मोजलेला माणूस, त्यांना ते दिसणारच.

मग तुम्ही समजावलंत. गांजा १ किलोच्या आत असेल तर जास्तीत जास्त १ वर्ष शिक्षा, त्यापुढे १० वर्षांपर्यंत. आणि जामिनाची ती कडक अट, कलम ३७ ची, गांजा २० किलोच्या वर गेला तर. मग "जामिनाचं विसरा" हे कशाच्या जोरावर सांगितलं होतं आम्हाला? धाकट्याचे ७८ दिवस आत गेले, मॅडम.

अंगझडतीआधी राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती मागण्याचा हक्क आहे, हे संशयिताला सांगावंच लागतं. २०१० मध्ये विजयसिंह जाडेजा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी तसं ठरवलंय. हे कुठूनतरी वाचून मी नाचतच आले होते. तुम्ही मला खाली बसवलंत. "ताई, माल गोणीत सापडलाय, अंगावर नाही. अंगझडतीचं ते कलम ५० आपल्याला तारणार नाही." गोणी खोलीतल्या सोबत्याची होती, आपल्याला तिची कल्पना नव्हती, हे दाखवण्याचं ओझंही या कायद्यात आरोपीवरच येतं, हेसुद्धा स्पष्ट सांगितलंत. त्या दिवशी मला रडू आलं, पण तुमच्यावरचा विश्वास त्याच दिवशी बसला. खोटी आशा विकणारे आम्हाला पुष्कळ भेटले होते. आमच्याशी खरं बोलण्याइतकं आम्हाला माणूस समजणाऱ्या तुम्ही पहिल्याच.

पुढची तारीख १४ ला आहे. हल्ली आप्पा रात्री जेवण झालं की दोषारोपपत्र काढून बसतात. घरातली एक पट्टी त्यांनी कागदांच्या पिशवीतच ठेवून दिली आहे. तुम्हाला विचारायचे पाच प्रश्न त्यांनी लिहून ठेवलेत. तारखेला ते स्वतः विचारतील.

तुमची,
धाकट्याची ताई