जोड मोडून बघ

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काल तू तुझ्या वेल्डिंगच्या मशीनबद्दल फोनवर म्हणालीस, "आई, ट्रिगर दाबला की तार आपोआप येते, वाटलं होतं त्यापेक्षा सोपं आहे." तुझा उत्साह ऐकून फार बरं वाटलं. पण तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घोळते आहे. ती फोनवर नीट सांगून होणार नाही, म्हणून लिहायला बसले.

या मशीनमध्ये तार येणं सोपं असतं, जोड लागणं मात्र नाही. कांडीच्या वेल्डिंगमध्ये शिकाऊ माणसाची कांडी चिकटते, आर्क, म्हणजे विजेची झगझगती ज्योत, विझते, आणि आपल्याला अजून जमत नाही हे त्याला तिथल्या तिथे कळतं. तारेचं मशीन असं अडवत नाही. सेटिंग चुकलेलं असलं तरी ते लोखंडाची ओळ घालतच राहतं. ओळ वरून भरीव आणि सरळ दिसते, पण खालच्या धातूत ती मुरलेलीच नसते, नुसती वर बसलेली असते. फॅब्रिकेशनच्या कामात माझी उमर गेली. असे देखणे जोड हातोड्याच्या एका घावात सालीसारखे निघालेले मी पुष्कळ पाहिले आहेत.

तेव्हा तुला जे टेबल करायचं आहे त्याची घाई करू नकोस. आधी जोड करून मोडायला शीक.

माइल्ड स्टीलच्या ३ मिमी जाडीच्या पट्ट्या घे. एक आडवी ठेव, दुसरी तिच्यावर काटकोनात उभी कर, दोन्ही टोकांना टॅक (नुसता पकडून ठेवणारा वेल्डचा ठिपका) मार आणि एकाच बाजूने पूर्ण ओळ घाल. ती आपोआप गार होऊ दे, पाण्यात बुडवू नकोस. मग आडवी पट्टी व्हाइसमध्ये पक्की आवळ आणि उभी पट्टी वेल्ड असलेल्या बाजूकडे हातोड्याने पाड. त्याने जोडाचं मूळ उघडतं. आता तुटलेला भाग उजेडात धरून बघ. कोपऱ्याची कडा जशीच्या तशी, धारदार सरळ रेषेत दिसत असेल तर रस, म्हणजे वितळलेला धातू, मुळापर्यंत पोचलाच नाही. बारीक भोकं असतील तर जागा घाण होती किंवा ओलसर, नाहीतर तार हातातल्या गनच्या टोकाशी असलेल्या टिपच्या फार बाहेर होती. काळा, काचेसारखा तुकडा अडकलेला सापडला तर स्लॅग, म्हणजे रसावर जमणारी मळी, आत कोंडला. आणि सगळीकडे करड्या रंगाचा, दाणेदार तुटलेला धातू दिसला, किंवा पट्टी वाकली पण जोड तुटलाच नाही, तर तो जोड खरा. वरची ओळ कितीही सुंदर असली तरी ती यातलं काहीच सांगत नाही.

आता मशीनकडे वळू. तुझी तार आतून पोकळ आहे, नळीसारखी, आणि त्या पोकळीत फ्लक्सची पूड भरलेली आहे. आर्कमध्ये ती पूड जळते, तिच्यातून निघणारा वायू आणि वर जमणारा स्लॅग वितळलेल्या लोखंडाला हवेपासून वाचवतात. म्हणून तुला सिलिंडर लागत नाही आणि उघड्यावर थोडा वारा असला तरी काम होतं. ही पद्धत १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुढे आली. पण याच तारेमुळे दोन गोष्टी तुला तपासाव्या लागतील. पहिली, पोलॅरिटी, म्हणजे गन विजेच्या कोणत्या टोकाला जोडायची ते. गॅसबरोबर वापरायच्या भरीव तारेला गन पॉझिटिव्हला लागते, तुझ्या तारेला ती निगेटिव्हला हवी आणि अर्थ क्लॅम्प (पट्टीला लावायचा चिमटा) पॉझिटिव्हला. दोन्ही प्रकारच्या तारा चालवणाऱ्या मशीनमध्ये दाराच्या आत ही जोडणी बदलता येते, आणि ती उलटी राहिली तर ठिणग्यांचा नुसता पाऊस पडतो, ओळ ओबडधोबड येते. दुसरी गोष्ट म्हणजे तार ओढणारे रोलर. ते या तारेसाठी दातेरी लागतात आणि बेताचेच आवळायचे असतात. जास्त आवळले तर पोकळ तार चेपते आणि केबलमध्ये अडखळायला लागते.

तारेच्या डब्यावर ई७१टी-जीएस लिहिलं असेल तर ती तार एकाच थरासाठी आहे. वरून दुसरा, तिसरा थर चढवायला ती वापरायची नाही, तसा जोड ठिसूळ होऊन तडकू शकतो. जाड कामाला ई७१टी-११ आण. तुझ्या मशीनला ०.८ मिमीची तार ठीक आहे, टिप मात्र त्याच मापाची घाल.

दोन बटणं आहेत, व्होल्टेज आणि तारेचा वेग. तारेचा वेग वाढवला की करंटही वाढतो. व्होल्टेजने ओळ पसरट होते. दाराच्या आतल्या तक्त्यावरून सुरुवात कर, पुढचं कानांनी ठरव. बरोबर सेटिंगला आवाज एकसारखा, बारीक तडतडणारा येतो. तार पट्टीवर आपटून गन मागे ढकलायला लागली तर तारेचा वेग जास्त आहे. आवाज फुस्स होऊन तारेचं टोक जळत टिपमध्येच चिकटलं तर वेग कमी. हा फरक कान लवकर शिकतात, त्यासाठी मुद्दाम दोन्ही टोकांना सेटिंग नेऊन ऐक.

टिपपासून पट्टीपर्यंत तार १२ ते १८ मिमी बाहेर ठेव. गन ढकलायची नाही, ओढायची. ती जायच्या दिशेला १०-१५ अंश कलती धर, म्हणजे तारेचं टोक मागच्या रसाकडे राहील. ढकललीस तर स्लॅग रसाच्या पुढे पळतो आणि आत गाडला जातो.

नजर कुठे ठेवायची, हे मात्र शांतपणे वाच. तोंडावरची काळी काच खाली घेतली की डोळा आपोआप आर्कच्या झगझगाटाकडे जातो. तिथे बघण्यासारखं काहीच नाही. त्याच्या लगेच मागे वितळलेल्या लोखंडाचा चकचकीत रस दिसेल, आणि त्याच्याही मागे स्लॅगची मंद, गडद साय धरत येताना दिसेल. या दोन्हींतला फरक ओळखता आला की निम्मी विद्या आली. रसाच्या दोन्ही कडा बघ. त्या दोन्ही पट्ट्यांत सपाट विरून जात असतील तर धातू एकजीव होतो आहे. कडा गोल होऊन फुगलेल्या राहिल्या तर रस नुसता पट्टीवर बसतो आहे, हात पुढे नेण्याचा वेग कमी कर किंवा उष्णता वाढव. रस एका पट्टीकडेच झुकला तर गनचा कोन किंचित दुसऱ्या पट्टीकडे ने. हे सगळं जोड चालू असतानाच करायचं. दिसत नसेल तर डोकं बाजूला घे, दुसऱ्या हाताने गनला आधार दे, जवळचा चष्मा लागतो का तेही बघ. न दिसता ओढलेली ओळ देखणी आली तरी ती मोडूनच बघ.

स्वच्छता मी पुन्हापुन्हा सांगणार आहे. ही तार थोडा गंज चालवून घेते असं म्हणतात, पण शिकताना ग्राइंडर फिरवून पट्टी पांढरी कर, क्लॅम्पची जागासुद्धा. रंगावर लावलेला क्लॅम्प अर्धा करंट खातो आणि दोष मात्र आपण हाताला देतो. पुसायला क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर कधीही वापरू नकोस. आर्कजवळ त्यातून फॉस्जीन नावाचा जीवघेणा वायू तयार होतो.

जस्ताचा मुलामा असलेल्या जीआय नळ्या स्वस्तात मिळाल्या तरी आणू नकोस. जस्त साधारण ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं, लोखंड १५०० च्या आसपास वितळतं, म्हणजे जोड लागायच्या कितीतरी आधी जस्ताचा धूर तुझ्या नाकात असतो. त्याने रात्री थंडी वाजून ताप भरतो. साधा धूरही निरुपद्रवी नाही. वेल्डिंगच्या धुराला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये मानवात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात घातलं, आणि तुझ्या तारेचा धूर इतर प्रकारांपेक्षा जास्तच असतो. दार उघडं ठेव, धुराच्या लोटात डोकं घालू नकोस आणि योग्य रेस्पिरेटर (धूर गाळणारा मुखवटा) घाल.

काच १० नंबरची ठेव. डोळ्यांची इजा लगेच कळत नाही. सहा-बारा तासांनी मध्यरात्री डोळ्यांत वाळू घातल्यासारखं होतं. टॅक मारताना "एकच तर" म्हणून डोळे मिटून काम उरकणारे लोक तू पाहशील, त्यांचं ऐकू नकोस. कपडे सुती, बूट बंद, स्लॅग ठोकताना चष्मा. पेट्रोल, तेल किंवा रंग ठेवलेल्या बंद डब्याला आर्क लावायची नाही, तो रिकामा असला तरी. काम संपल्यावर अर्धा-पाऊण तास जागा सोडू नकोस, कोपऱ्यात गेलेली ठिणगी उशिरा पेट घेते.

टेबलाच्या चौकोनी नळ्या १.६ मिमीच्या असतील, तिथे लांब ओळ घातलीस तर भोक पडेल. एक इंच, मग थांब, मग दुसऱ्या कोपऱ्यात. गार होताना वेल्ड आकसतो आणि नळी आपल्याकडे ओढतो, म्हणून आधी चारही कोपरे टॅक कर, काटकोन तपासायला गुण्या लाव, मगच पक्कं कर. शिवाय मशीनवर २० टक्के लिहिलं आहे म्हणालीस, म्हणजे त्या करंटला दहा मिनिटांत दोनच मिनिटं आर्क. त्यामुळे मध्ये थांबावं लागणारच. शिडी, झोका किंवा गाडीला लागणारं काही इतक्यात करू नकोस. ज्याच्यावर कुणाचा जीव टांगलेला आहे ते काम, तुझे मोडलेले जोड दरवेळी दाणेदार दिसायला लागल्यावर.

पुढच्या वेळी फोटो पाठवशील तेव्हा वरच्या ओळीचा नको, मोडलेल्या बाजूचा पाठव. व्होल्टेज आणि तारेचा वेग पट्टीवरच खडूने लिही, म्हणजे मला बघून सांगता येईल.

तुझी,
आई