मोठे टायर आणि जळके सर्वो

पुणे

प्रिय बंड्या,

तुझा मेसेज मिळाला. रिमोटच्या गाडीचे सर्वो, म्हणजे पुढची चाकं वळवणाऱ्या मोटरच्या डब्या, एकामागून एक जळताहेत आणि आता तू ३५ किलो जोराचा मोठा घ्यायचं म्हणतोयस. जळक्या सर्वोंचे फोटोही पाहिले. फोनवर तुकड्या-तुकड्यांत सांगितलं असतं तर नेहमीप्रमाणे पहिलं वाक्य ऐकून तू दुकान गाठलं असतंस, म्हणून हे ऐसपैस लिहायला घेतलंय. आधी एवढंच कर: तो ३५ किलोचा सर्वो अजून मागवला नसशील तर थांब, आणि मागवला असशील तर डब्यातच राहू दे.

दुसऱ्या फोटोत तू खालचे चार लांब स्क्रू काढून झाकण उघडलंयस, ते फार बरं केलंस. मोठा करून बघ. मोटरच्या तारा सर्किटला जिथे सोल्डर केल्यात, त्याच्या शेजारच्या काळ्या चिपवर फोड आलाय आणि आजूबाजूची पट्टी तपकिरी पडलीय. मोटर बसते तिथलं प्लास्टिकही किंचित कललंय. गिअरचे दात मात्र सगळे शाबूत. म्हणजे दगडावर आपटून किंवा उडी चुकून हा गेलेला नाही. तसं असतं तर दात मोडले असते, आणि आत मोटर घरघरत राहून हॉर्न, म्हणजे शाफ्टवरचा तो छोटा हात, जागचा हलला नसता. हॉर्नचा कोन मोजणारं आतलं पोटेन्शिओमीटर झिजलं असतं तर चाकं मधल्या जागी थरथरली असती किंवा सर्वो एका टोकाला जाऊन तिथेच अडून बसला असता. तसलंही काही तू सांगितलेलं नाहीस. हा सावकाश शिजून मेलाय. आधीचेही असेच गेले असणार, पैज लावतो.

सर्वोला अक्कल एवढीच की रिमोटने सांगितलेल्या कोनावर पोहोचायचं. गाडीतल्या रिसीव्हरकडून सेकंदाला साधारण ५० वेळा एक ठोका येतो. ठोका १५०० मायक्रोसेकंदांचा असला तर चाकं सरळ, १००० किंवा २००० च्या आसपास असला तर एका बाजूला पूर्ण वळलेली. हॉर्न कुठे आहे ते पोटेन्शिओमीटर सांगतं आणि फरक संपेपर्यंत सर्किट मोटर फिरवत राहतं. आता समज, चाक मध्येच कशाला तरी अडलं. फरक संपतच नाही, मग सर्वो रेटत बसतो. फिरणारी मोटर स्वतःच उलटं व्होल्टेज तयार करते, म्हणून करंट आटोक्यात राहतो. अडलेल्या मोटरला ती सोयच नसते. एमजी९९६आरसारखा ५५ ग्रॅमचा सर्वो धर, ६ व्होल्टवर अडला की अडीच अँपिअर ओढतो. म्हणजे १५ वॅट, आणि काहीच हलत नसल्यामुळे सगळीच्या सगळी उष्णता. आपली साधी सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते, तिच्या निम्म्याहून जास्त शेगडी तू काडेपेटीएवढ्या बंद डबीत पेटवलीस.

आता ती शेगडी कोण पेटवतंय, ते तूच लिहून पाठवलंयस, फक्त तुझं लक्ष नाही. मेसेजच्या शेवटी सहज टाकलंयस, ‘चिखलासाठी मोठे टायर घातल्यापासून गाडी भारी दिसते.’ आणि त्याआधी दोन ओळी, ‘डावीकडे पूर्ण वळवलं की सर्वो गुणगुणतो, उजवीकडे नाही.’ बाबा, उत्तर तिथेच आहे! डिजिटल सर्वो जागा धरून असताना बारीक आवाज करतो, तो चालायचाच. पण एकाच बाजूला, तेही टोकाला गेल्यावरच येणारा आवाज म्हणजे तिकडे काहीतरी अडतंय. माझा अंदाज, डावीकडे वळताना टायरची आतली कड चॅसिसला किंवा सस्पेन्शनच्या आर्मला घासतेय. जुने टायर लहान होते तेव्हा तिथे जागा होती. रिमोटमधली वळणाची हद्द मात्र जुन्या टायरांच्या हिशोबाचीच राहिली.

बघायचं कसं ते सांगतो. बॅटरी काढ. सर्वोच्या हॉर्नवरून चाकांकडे जाणारा रॉड सोडव आणि चाकं बोटाने या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरव. करंगळीने फिरली पाहिजेत. कुठे जड लागलं तर तिथेच थांबून बघ. पावसाळ्यातला चिखल बेलक्रँकच्या (सर्वोचा जोर चाकांकडे वळवणाऱ्या फिरत्या दांड्याच्या) बुशमध्ये वाळून सिमेंटसारखा बसतो. खोलून धू आणि कोरडा कर. बॉल जॉइंट फार घट्ट असेल तर पकडीने हलकेच दाबून सैल होतो. मग पुढचं सस्पेन्शन हाताने पूर्ण खाली दाबून हेच पुन्हा कर. ही पायरी लोक गाळतात. गाडी स्टँडवर असताना चाक मोकळं फिरतं आणि उडीनंतर सस्पेन्शन दबलं की घासतं, त्यामुळे टेबलावर सगळं ठीक दिसतं आणि मैदानात धूर निघतो. टायर घासत असतील तर त्यांच्या आतल्या कडेला चकचकीत पट्टा पडलेला दिसेल.

मोकळ्या चाकांची खात्री झाली की हद्द नव्याने बांध. रॉड अजून सुटाच असू दे, हॉर्नही काढून ठेव. रिमोटवरचा ट्रिम (चाकं सरळ करायचं बारीक सेटिंग) शून्यावर आण, गाडी चालू कर, सर्वो मधोमध थांबला की मग हॉर्न रॉडशी काटकोनात बसव आणि रॉड जोड. ट्रिम एका बाजूला खूप सरकवून चाकं सरळ केली की तेवढंच वळण एका बाजूला जास्त जातं. तुझ्या डावीकडच्या गुणगुणण्यात याचाही वाटा असू शकतो. मग पुढची चाकं उचलून धर. ईपीए, म्हणजे रिमोटमधली प्रत्येक बाजूच्या वळणाची हद्द, दोन्ही बाजूंचा कमी कर, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरवून धर आणि ईपीए एकेक करून वाढव. चाक थांब्याला टेकलं, आवाज बदलला, की दोन अंक मागे ये. उजवीकडे वेगळं कर, दोन्हीकडचे आकडे सारखे येतीलच असं नाही. तुझ्या रिमोटवर ईपीए नसून फक्त ड्युअल रेटचं (दोन्हीकडचं वळण एकदम कमी-जास्त करणारं) बटण असेल तर ते कमी कर आणि त्यावर चिकटपट्टी लाव, नाहीतर तुझा पुतण्या ते फिरवतोच. शेवटी गाडी पाच मिनिटं चालवून सर्वोवर बोट ठेव. कोमट चालेल. बोट उचलावं लागलं तर अजून कुठेतरी अडतंय.

आता तो ३५ किलोचा पहिलवान. ते ३५ किलो बहुधा ८.४ व्होल्टवरचे असणार. साध्या ईएससीतला (गाडीच्या मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटमधला) बीईसी, म्हणजे रिसीव्हर-सर्वोला वीज पुरवणारा भाग, ५ किंवा ६ व्होल्ट देतो, तेही दोन-तीन अँपिअरपर्यंत. एवढ्यात तो सर्वो पूर्ण जोर लावणार नाही, आणि अडला तर बीईसीला झेपणार नाही इतका करंट मागेल. तू पाठवलेल्या व्हिडिओत गाडी डावीकडे वळताना क्षणभर मेल्यासारखी होते ना? तुला वाटलं रेंज गेली. मला वाटतं व्होल्टेज कोसळून रिसीव्हर बंद-चालू झाला. मोठा सर्वो लावलास तर हे वाढेल, आणि वर तो न थांबता रेटत आर्म नाहीतर बेलक्रँक मोडेल, ते वेगळंच. मोठ्या टायरांना जास्त जोर लागतो हे कबूल. तुझ्या वन-टेन (खऱ्याच्या एक-दशांश मापाच्या) ट्रकला १५ ते २० किलोचा पुरे. त्याहून मोठा हवाच असेल तर बाहेरून वेगळा बीईसी लाव. आणि सहा व्होल्टचा सर्वो टू-एस (दोन सेलच्या लिपो) बॅटरीवर थेट जोडायचा सल्ला कुणी दिला तर त्याच्याकडे दुर्लक्ष कर. भरलेली टू-एस ८.४ व्होल्ट असते.

सर्वो घेताना शाफ्टचे दात बघून घे. फुटाबा, सॅव्हॉक्स यांचे २५, हायटेकचे बहुधा २४, सानवा-केओचे २३. दुसऱ्याचा हॉर्न ठोकून बसवला की बसल्यासारखा वाटतो आणि घसरतो.

जळलेले सर्वो दुरुस्त करत बसू नकोस, सर्किट गेल्यावर त्यात अर्थ नाही. पण फेकूही नकोस. गिअर, हॉर्न, स्क्रू, वायर काढून ठेव, नाहीतर माझ्याकडे पाठव, मी काढून घेतो. तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जाणारच आहे, तुझ्यासाठी एक सर्वो टेस्टर घेऊन ठेवतो. पुढच्या वेळी दोष सर्वोत आहे की रिसीव्हरमध्ये, हे गाडी न खोलता कळेल.

नवा सर्वो बसला की आधी जुने टायर घालून एकदा चालव आणि डावीकडे गुणगुणतो का, तेवढं कळव. काकूंना नमस्कार.

तुझा,
अभ्या

ता. क. नवा सर्वो रिसीव्हरला लावताना तपकिरी किंवा काळी वायर कोणत्या कडेला, ते रिसीव्हरवरची खूण बघूनच लाव. जुना काढण्याआधी फोटो काढून ठेवलास तर मला रात्री अकराला फोन करावा लागणार नाही.