तिकीट स्वस्त, प्रवास महाग

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

विमान कंपन्यांच्या जादा शुल्कांबद्दल वृत्तपत्रांत अधूनमधून लिहून येते, पण त्यात बाजू मांडलेली असते ती सहसा सुट्टीला निघालेल्या कुटुंबाची. कंपनीच्या कामासाठी विमानाने फिरणाऱ्या नोकरदारांना या शुल्कांचा काय त्रास होतो, हे फारसे कोणी मांडत नाही. चाकणच्या एका यंत्रनिर्मिती कारखान्यात प्रवासाची व्यवस्था माझ्याकडे आहे. तिकिटे, हॉटेल, गाड्या आणि माणूस परत आला की त्याची बिले, हे सगळे माझ्याच टेबलावरून जाते. म्हणून हे पत्र.

आमच्याकडे सर्वाधिक फिरतात ते सर्व्हिस इंजिनीअर. चेन्नईला किंवा गुरुग्रामला ग्राहकाकडे मशीन बंद पडले की दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस तिथे हजर लागतो. त्याच्यासोबत अवजारांची पेटी जाते. पाने, स्क्रू-ड्रायव्हर सुरक्षा नियमांमुळे केबिनमध्ये नेता येत नाहीत, म्हणजे पेटी चेक-इनच करावी लागते. देशांतर्गत विमानांच्या स्वस्त तिकिटावर साधारण 15 किलोची मुभा असते. टॉर्क रेंच, प्रेशर गेज, एखादा सुटा भाग आणि चार दिवसांचे कपडे, एवढ्यात काटा 15 च्या पुढे सरकतो. मग पहाटे लोहगाव विमानतळावर काउंटरवरून सांगितले जाते, जादा वजनाचे पैसे भरा. किलोमागे दर इतका की कधी कधी नाकापेक्षा मोती जड होतो. तो मुलगा आपल्या खात्यातून यूपीआयने पैसे भरतो आणि विमान पकडतो.

परत आल्यावर तो माझ्याकडे एक चिटोरा देतो. थर्मल कागदाची पावती, पाकिटात राहून निम्मी पुसट झालेली. त्यावर नाव त्याचे, कंपनीचे नाही. जीएसटी क्रमांकाचा पत्ता नाही. अकाउंट्स विभाग विचारतो, आधी मंजुरी होती का? प्रवास धोरणात ‘जादा सामान’ असे सदर आहे का? व्हाउचर या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहते. महिनाअखेरीला घरभाड्याची तारीख आलेली असताना कंपनीच्या मशीनसाठी केलेली ही पदरमोड त्या इंजिनीअरच्या अंगावर राहते. मला याची खरोखर चीड येते. विमान कंपनीला पैसे मिळाले, ग्राहकाचे मशीन चालू झाले, अडकला तो ज्याचा पगार सगळ्यात कमी.

हे का घडते ते सांगते. कंपन्यांच्या प्रवास धोरणात बहुधा एक वाक्य असतेच: सर्वांत कमी भाड्याचे तिकीट काढावे. आम्ही पोर्टलवर बघतो तेव्हा समोर येते ते निव्वळ तिकीट. समजा, एका विमानाचे भाडे 5,200 रुपये आणि दुसऱ्याचे 5,900. धोरणाप्रमाणे पहिले घ्यायचे. त्यावर आसन, खाणे, जादा वजन आणि कार्डाने पैसे भरल्याचे सुविधा शुल्क चढत जाते. ग्राहकाने भेट पुढे ढकलली तर तारीख बदलण्याचे शुल्क आणि वर भाड्यातला फरक. दुसऱ्या तिकिटात यातले निम्मे आधीच धरलेले असते. नियम पाळणारा माणूसच अशा रीतीने कंपनीचे जास्त पैसे घालवतो, आणि कागदावर ते बचत म्हणून दिसते.

आसनाबद्दल थोडे वेगळे लिहायला हवे. कित्येक कार्यालयांत आसन निवडण्याचे पैसे ही वैयक्तिक चैन समजली जाते आणि ते मंजूर होत नाहीत. मधुमेह असलेल्या पन्नाशीच्या सहकाऱ्याला कडेचे आसन लागते, कारण त्याला पुन्हा पुन्हा उठावे लागते. तीन तासांचे विमान, मधली जागा आणि उतरल्यावर थेट ग्राहकाशी बैठक. यात चैन कसली? अशा सहकाऱ्यांच्या आसनाचे पैसे मी स्वतः भांडून मंजूर करून घेते, पण प्रत्येक कार्यालयात असे भांडणारे कोणी असेलच असे नाही.

या रकमा किरकोळ आहेत, असे म्हणून सोडून देता येत नाही. अमेरिकन एअरलाइन्सने 2008 मध्ये पहिल्या चेक-इन बॅगेला 15 डॉलर लावले, तेव्हाही ते किरकोळच वाटले असतील. नोव्हेंबर 2024 मध्ये अमेरिकी सिनेटच्या उपसमितीचा अहवाल आला. त्यानुसार पाच विमान कंपन्यांनी 2018 ते 2023 या काळात केवळ आसनांच्या शुल्कातून 12.4 अब्ज डॉलर मिळवले होते. बॅगा फुकट नेण्यासाठी नावाजलेल्या साउथवेस्ट या अमेरिकी विमान कंपनीनेही मे 2025 पासून बहुतेक प्रवाशांकडून बॅगेचे पैसे घ्यायला सुरुवात केली.

आपल्याकडे नियम नाहीत असेही नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) एप्रिल 2024 च्या परिपत्रकानुसार आसन, खाणे, चेक-इन सामान अशा सेवांचे वेगळे पैसे घेता येतात, पण प्रवाशाने आपणहून निवडले तरच. त्याआधी नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ‘डार्क पॅटर्न्स’विरुद्ध, म्हणजे वेबसाइट-अॅपवर ग्राहकाला फसवणाऱ्या युक्त्यांविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वे काढली. आधी कमी किंमत दाखवून पुढच्या पायऱ्यांवर ती वाढवत नेण्याची रीत त्यांत नाव घेऊन नोंदवलेली आहे. दरावर मर्यादा घालण्याचा प्रयत्नही झाला होता. 2016 मध्ये डीजीसीएने 15 किलोच्या पुढे 20 किलोपर्यंतच्या जादा वजनासाठी किलोमागे 100 रुपयांची कमाल मर्यादा ठरवली. 2017 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली. म्हणून दर बांधून द्या, अशी माझी मागणी नाही. एक लॅपटॉप घेऊन जाणाऱ्याने दुसऱ्याच्या बॅगेचा खर्च का उचलावा, हा विमान कंपन्यांचा प्रश्न मला रास्तच वाटतो.

माझी मागणी एवढीच की पूर्ण किंमत पहिल्याच पडद्यावर दिसावी. 20 किलो सामान, एक आसन आणि एकदा तारीख बदलण्याची सोय, असे निवडले की सगळ्या विमानांचे एकूण आकडे शेजारी शेजारी यावेत. ट्रॅव्हल एजंट आणि कंपन्यांची पोर्टल्स यांनाही ही माहिती त्याच वेळी मिळायला हवी. तिकीट काढताना जो जीएसटी क्रमांक दिला तोच पुढे काउंटरवर किंवा मोबाइल अॅपवर भरलेल्या प्रत्येक पैशाला आपोआप लागावा आणि बिल कंपनीच्या नावाने ई-मेलवर यावे. आज तसे होत नसल्यामुळे जीएसटीआर-2बीशी (विक्रेत्यांनी नोंदवलेल्या बिलांवरून तयार होणाऱ्या जीएसटी विवरणाशी) ताळमेळ बसवताना दर महिन्याला दमछाक होते. इकॉनॉमीच्या तिकिटावर कर 5 टक्केच असल्याने शेवटी ‘जाऊ दे’ म्हणून क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची कंपनीला मिळणारी वजावट, सोडून दिले जाते.

कंपन्यांच्या मालकांना आणि वित्त विभागांनाही एक सांगावेसे वाटते. विमान कंपनीशी वार्षिक सवलतीचा करार करताना आपण एजंटकडून तिकिटांचा हिशेब मागवतो. जादा शुल्के त्यात बहुतेक वेळा नसतात. ती कर्मचाऱ्यांच्या खर्चाच्या व्हाउचरांत, ‘इतर’ या सदराखाली विखुरलेली असतात. आपण मूळ भाड्यावर घासाघीस करून सवलत मिळवतो आणि बाकीच्या पैशांबद्दल बोलतच नाही, कारण ते किती आहेत हे आपल्यालाच माहीत नसते. कॉर्पोरेट किंवा लघुउद्योगांसाठीची जी भाडी असतात, त्यांत खाणे, आसन आणि कमी बदल-शुल्क अनेकदा धरलेले असते. पोर्टलवर ती दोन-चारशे रुपयांनी महाग दिसतात म्हणून धोरण ती नाकारते. आमच्या कारखान्यात मी ‘इतर’ हे सदर मोडून सामान, आसन, बदल अशी वेगळी सदरे करायला लावली. अवजारांची पेटी नेणाऱ्यांचे जादा वजन आता तिकिटासोबतच आधी विकत घेतले जाते; काउंटरपेक्षा ते स्वस्तही पडते. पुढचा आग्रह आहे तो प्रवासाच्या आगाऊ रकमेचा: सर्व्हिस इंजिनीअर निघण्याआधी ती त्याच्या खात्यात जमा झालीच पाहिजे.

आपली नियमित वाचक,
चाकण, जि. पुणे